यवनदेशीचा क्रीतदास : एपिक्टेटस

वाचकहो, संतचरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आळंदी, देहू, पैठण, मंगळवेढे, तेर, अरण ही गावे उभी राहतात, आणि ते योग्यच आहे. आज मात्र समुद्रापलीकडच्या एका माणसाचे चरित्र तुम्हांपुढे मांडावयाचे आहे. ज्ञानोबारायांच्या आधी सुमारे बाराशे वर्षे तो होऊन गेला. गळ्यात तुळशीची माळ नाही, कपाळी बुक्का नाही, पंढरीचे नाव कानी पडण्याचा संभव नाही. जातीने म्हणावे तर गुलाम, आणि पायाने लंगडा. त्याचे नाव एपिक्टेटस.

कोणी म्हणेल, महाराज, घरी ज्ञानेश्वरीचा ठेवा असता दुसऱ्याच्या दारी कशाला जाता? त्यास उत्तर असे की, आपल्याच संप्रदायातील प्राचार्य सोनोपंत दांडेकर (१८९६-१९६८) यांनी ज्ञानदेव आणि प्लेटो यांना एका ग्रंथात शेजारी बसविले. त्याने माउलींचा मान उणा झाला नाही. शिवाय कारणही तसेच आहे. अलीकडे आपल्या बीड जिल्ह्यातली मुले पुण्यास स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला जातात, आणि सुट्टीत गावी आली की मोबाईलवर या स्टोइक लोकांची वचने दाखवून विचारतात, की महाराज, हे गीतेतलेच नव्हे का? निम्मे गीतेतले आहे, निम्मे नाही. कोणते निम्मे, ते चरित्राच्या ओघात कळेल.

प्रथम पंथाचे नाव. स्टोआ म्हणजे ओसरी. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास झेनो नावाचा सायप्रस बेटावरचा एक व्यापारी, जहाज फुटून माल बुडाल्यावर अथेन्स नगरीत राहिला, तत्त्वज्ञान शिकला आणि पुढे भिंतींवर चित्रे काढलेल्या एका सार्वजनिक ओसरीत बसून शिकवू लागला. म्हणून हे सारे ओसरीवाले. त्याच्यामागून गादीवर आलेला क्लिएन्थिस हा इतका गरीब, की रात्री लोकांच्या बागांना पाणी शेंदून घाली आणि दिवसा गुरूपाशी बसे. नाथांच्या घरी कावडीने पाणी वाहणारा श्रीखंड्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या क्लिएन्थिसविषयी वेगळे सांगायला नको. देवाचे एक सुंदर स्तोत्रही त्याच्या नावावर आहे. सगळे विश्व एकाच ईश्वरी बुद्धीने व्यापलेले आहे, आणि माणसाचे खरे हित सद्गुणांत आहे, पैसा-मान-आरोग्य यांत नाही, हे या मताचे दोन खांब.

आता चरित्राकडे वळू. इ.स. ५०-५५ च्या सुमारास, आज जो तुर्कस्तान आहे त्यातल्या हिएरापोलिस या उन्हाळ्याच्या, म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांच्या, गावी एपिक्टेटस जन्मला. हे नाव तरी कसले? ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मिळविलेला, कमावलेला, असा होतो. बाजारातून आणलेल्या जिनसेला द्यावे तसे नाव. आपल्याकडे मनूने दासांचे सात प्रकार सांगितले आहेत. त्यात युद्धात जिंकलेला आहे, घरी दासीपोटी जन्मलेला आहे, विकत घेतलेला क्रीत आहे, दंड न फिटल्यामुळे झालेला आहे. (त्याच यादीत भक्तदास असाही एक आहे, पण हुरळून जाऊ नका! तिथे भक्त म्हणजे शिजवलेला भात. पोटासाठी जो दास झाला तो भक्तदास.) तेव्हा माणूस विकत घेणे हे पाप केवळ यवनांचे होते असे म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत.

हा मुलगा रोम नगरीत एपाफ्रोडिटस नावाच्या मालकाकडे आला. मालक स्वतःच एके काळचा गुलाम, पण मुक्त होऊन नीरो बादशहाच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर चढलेला. जो वाकून वर गेला तो खालच्याला किती वाकवतो, हे सांगण्याची गरज नाही. एपिक्टेटस पुढे शिष्यांना या मालकाच्या गमती सांगत असे. त्यातली एक ऐकण्यासारखी आहे. एपाफ्रोडिटसकडे एक चांभारकाम करणारा गुलाम होता. कामाचा नाही म्हणून मालकाने तो विकला. नशिबाने तो बादशहाच्या वाड्यातल्या कोणीतरी घेतला आणि पाहता पाहता बादशहाचा चांभार झाला. मग काय विचारता! ज्याला काल नालायक म्हणून हाकलला, त्याची हे मालक आज हात जोडून खुशाली विचारू लागले, दार लावून त्याच्याशी मसलती करू लागले. चांभार तोच, आरी तीच, हातही तेच. बदलला तो फक्त वाडा. एपिक्टेटसने हे सारे कोपऱ्यात उभे राहून पाहिले. मोठ्या घरात नोकर म्हणून राहिलेल्या माणसाला मोठेपणाचे आतले अस्तर दिसते. त्याची पुढची सारी शिकवण या अस्तराच्या दर्शनातून निघाली, असे माझे मत आहे.

त्याच्या पायाची एक कथा फार सांगितली जाते. मालकाने रागाने त्याचा पाय पिरगाळला. एपिक्टेटस शांतपणे म्हणाला की असे कराल तर मोडेल. मोडल्यावर पुन्हा तितक्याच शांतपणे म्हणाला की मी सांगितले नव्हते का. कीर्तनात ही कथा रंगते, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगू शकतो. परंतु दुसरे जुने लेखक म्हणतात की पाय आजाराने गेला होता. त्याच्या स्वतःच्या बोलण्यात पायाचा उल्लेख येतो, मालकाने मोडल्याचा येत नाही. मला दुसरी गोष्ट अधिक खरी वाटते, आणि तिने त्याचा मोठेपणा कमी होत नाही. पाय लंगडा आहे म्हणजे पायाला अडथळा आहे, मनाच्या निश्चयाला नाही, हे तो म्हणे. आणि ते म्हणायला एखादा क्रूर मालकच लागतो असे नाही. संधिवाताने पिडलेला म्हातारा वारकरी दिवे घाट चढताना हेच करीत असतो, फक्त बोलून दाखवीत नाही.

गुलाम असतानाच त्याला मुसोनिअस रूफस या स्टोइक गुरूकडे जाण्याची मोकळीक मिळाली. हा मुसोनिअस मोठा करारी माणूस. इ.स. ६५ मध्ये नीरोने त्याला गिआरा नावाच्या उजाड बेटावर हद्दपार केले होते. मुलींनाही मुलांसारखेच तत्त्वज्ञान शिकवावे, असे तो उघड सांगे. मुक्ताई आणि जनाबाई यांच्या घरातल्या आपल्या लोकांना त्यात नवल वाटणार नाही. पण त्या काळच्या रोमला वाटले असेल. अशा गुरूच्या हाताखाली हा दास घडला, कालांतराने मुक्त झाला आणि रोममध्येच शिकवू लागला. पुढे डोमिशियन बादशहाला तत्त्वज्ञानी माणसांचा संशय येऊ लागला, आणि इ.स. ९३ च्या सुमारास त्याने त्या सर्वांना इटलीबाहेर घालविले. एपिक्टेटस काठी टेकत ग्रीस देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील निकोपोलिस नगरीत येऊन राहिला. इ.स. ९६ मध्ये डोमिशियन मारला गेला, तरी हा परत फिरला नाही. उरलेले सारे आयुष्य त्याच गावी गेले.

तिथे त्याची शाळा भरे. मोठ्या घरची मुले समुद्र ओलांडून येत. त्याने स्वतः एक अक्षर लिहून ठेवले नाही. इ.स. १०८ च्या सुमारास अरिअन नावाचा एक तरुण शिष्य त्याच्यापाशी बसला, आणि गुरूच्या तोंडचे जसेच्या तसे टिपून घेत गेला. नेवाशाला माउली सांगत आहेत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत, हे दृश्य ज्याच्या मनात आहे त्याला निकोपोलिसची ती खोली सहज दिसेल. अरिअनच्या टिपणांचे आठ भाग होते, त्यांतले चार आज उपलब्ध आहेत. शिवाय त्याने सार काढून एक लहानशी पोथी केली, तिचे त्रेपन्न छोटे खंड आहेत. नावाचा अर्थ हाताशी ठेवायची पोथी, असा. हाच अरिअन पुढे रोमचा मोठा अधिकारी आणि प्रांताचा सुभेदार झाला. शिकंदराच्या स्वारीचा इतिहास आणि आपल्या हिंदुस्थानचे वर्णन करणारा एक ग्रंथही त्याने लिहिला. म्हणजे या लंगड्या गुरूच्या शिष्याच्या लेखणीला सिंधू नदीचे पाणी लागलेले आहे म्हणा ना!

शिकवण काय होती? पोथीचा आरंभच असा आहे की, काही गोष्टी आपल्या हाती आहेत, काही नाहीत. आपला निर्णय, आपली इच्छा, आपला तिटकारा, आपण काय करायला निघतो ते, एवढे आपले. शरीर, धन, लौकिक, पदवी हे परके. ते केव्हाही जाईल. वेदान्त ज्याला नित्यानित्यवस्तुविवेक म्हणतो, त्याच्याजवळचीच ही चाळणी आहे. परंतु फरक ध्यानात घ्या. आपला विवेक नित्य काय ते शोधतो, याचा विवेक माझे काय ते शोधतो. आपण आत्म्यापर्यंत जातो, हा बुद्धीच्या निश्चयापाशी थांबतो. दुसरे त्याचे सांगणे असे की, माणसाला त्रास वस्तू देत नाहीत, वस्तूंविषयीचा त्याचा समज देतो. हे ऐकताच शास्त्र शिकलेल्याला दोरीवरचा साप आठवेल. अंधारात पाय कापतात ते दोरीने नव्हे.

तो सांगे ते रोजच्या व्यवहारातले. रोमन गावांत मोठी सार्वजनिक स्नानगृहे असत. स्नानाला निघण्याआधी मनात आणा, म्हणे, की तिथे कोणी पाणी उडवील, कोणी ढकलील, कोणी शिव्या देईल, कोणी कपडे चोरील. आणि ठरवा की मला स्नानही करायचे आहे आणि माझे मन ठिकाणावरही ठेवायचे आहे. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात उभे राहून हे वाचावे! दर्शनबारीत पंधरा-वीस तास उभे राहून, शेवटच्या वळणावर मध्येच घुसलेल्या माणसाशी हातघाईवर आलेले भाविक मी पाहिले आहेत. पांडुरंगाच्या पायांपर्यंत पोहोचेतो पांडुरंगासाठी मनात जागा उरलेली नसते. घरून निघताना दोन्ही गोष्टींचा संकल्प केला असता तर बारी तेवढीच राहिली असती, पण दर्शन घडले असते.

आणखी एक प्रसंग फार हृदयस्पर्शी आहे. एक सरकारी अधिकारी त्याला भेटायला आला. मुलेबाळे सुखी आहेत ना, असे विचारता तो म्हणाला की नुकतीच माझी मुलगी इतकी आजारी पडली की मला तिच्याजवळ बसवेना. मी घर सोडून निघून गेलो आणि ती बरी झाल्याचे कळल्यावर परत आलो. हे त्याने प्रेमाचे लक्षण म्हणून सांगितले. एपिक्टेटस रागावला नाही. तो विचारत गेला. मुलीची आई तिच्यावर प्रेम करते का? करते. मग तिनेही जायला हवे होते का? दाई? तिनेही? मग ज्यांचे प्रेम नाही अशा परक्यांच्या हाती ती एकटी मरावी, हे प्रेम झाले का? तू स्वतः आजारी पडलास तर तुझ्यावर असे प्रेम करणारी माणसे तुला हवीत का? माणूस निरुत्तर झाला. पळाला तो प्रेमाने नव्हे. मला सोसवणार नाही, हा त्याचा समज त्याला पळवून घेऊन गेला. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याच्या आवारात रात्री घोंगडी टाकून पडलेले बाप दिसतात, आणि कधी न दिसणारेही असतात. दोघांचेही प्रेम असते. तफावत कुठे पडते ते या लंगड्या माणसाने बोट ठेवून दाखविले आहे.

आता अवघड भागाकडे येऊ. आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगावर असते, आणि हंगामात फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत पुन्हा जावे लागते. एकदा कारखान्याच्या तळावर, कोप्यांच्या मध्ये, कंदिलाच्या उजेडात कीर्तन होते. एपिक्टेटसचा हाच विषय निघाला, हाती काय आहे आणि काय नाही. कीर्तन संपल्यावर पाया पडायला आलेल्या एका बाईने विचारले की महाराज, उसाचा भाव कारखान्याच्या हाती, मजुरीचा दर संघटनेच्या आणि साखरवाल्यांच्या हाती, उचल मुकादमाच्या हाती, पोरांची शाळा देवाच्या हाती, मग आमच्या हाती कोयत्याशिवाय काय राहिले? आणि हे कीर्तन ऐकून मुकादम फार खूष झाला असेल, असेही ती हसून म्हणाली.

प्रश्न खरा आहे. गुलामाला समाधान शिकविणे मालकाला नेहमीच आवडते. एपिक्टेटसने गुलामगिरीची चालच बंद करा असे सांगितलेले नाही, हेही लपवू नये. परंतु तो निमूट बसण्याचा उपदेश करीत होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गुलामाने पाणी गरम आणले नाही म्हणून चिडणाऱ्या मालकाला तो विचारी, की तो तुझाच भाऊ नव्हे का, त्याचा आणि तुझा बाप तोच एक ईश्वर नव्हे का? विकत घेतल्याचा कागद दाखवणाऱ्याला तो म्हणे की तुझी नजर मातीकडे आहे, मेलेल्यांच्या कायद्याकडे आहे. देवाच्या कायद्याकडे पाहा. चोखोबा आणि नामदेवराय यांच्या गोष्टी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. आणि हेल्विडिअस प्रिस्कस नावाच्या सभासदाची कथा तो शिष्यांना अभिमानाने सांगे. वेस्पेशियन बादशहाने त्याला निरोप धाडला की सभेला येऊ नकोस. तो म्हणाला, सभासद म्हणून काढणे तुमच्या हाती आहे, पण सभासद आहे तोवर येणे माझे काम. बरे ये, पण बोलू नकोस. विचारू नका, मी बोलणार नाही. पण मला विचारावेच लागेल. मग जे योग्य ते मला सांगावेच लागेल. सांगशील तर मारीन. मी अमर आहे असे तुम्हांला कधी म्हणालो? मारणे तुमचे काम, न कापता मरणे माझे. आणि बादशहाने खरोखरच त्याला मारविले.

तेव्हा त्या बाईला मी सांगितले की दर मागणे, हिशेबाची वही मागून पाहणे, दहा कोयत्यांनी मिळून बोलणे, हे हाती आहे. मुकादम काय उत्तर देईल ते हाती नाही. तिचे समाधान किती झाले कोण जाणे. पण पुढल्या आठवड्यात तिने वही मागितली, असे टोळीतल्या लोकांनी मला सांगितले. हे ऐकून एपिक्टेटस खूष झाला असता.

दुसरी अवघड गोष्ट याहून मोठी आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिण्याचे मनात आले. हे स्टोइक लोक म्हणत, की घरात धूर फारच झाला तर दार उघडे आहे, बाहेर पडावे. म्हणजे जीवन असह्य झाले तर ते सोडण्यास त्यांची मोकळीक होती, आणि त्यांच्यातल्या थोर थोर माणसांनी तसे केलेही. मोबाईलवर वचने वाचणाऱ्या मुलांच्या डोळ्यांपुढून हे दाराचे वचनही जाते. ज्या जिल्ह्यात कर्ज आणि दुष्काळ यांनी किती घरांतले कर्ते माणूस गेले आहेत, तिथे मी हे वाक्य तसेच पुढे जाऊ देणार नाही. इथे आपला आणि त्यांचा रस्ता वेगळा. नरदेह हा आपला नाही, ज्याने दिला त्याचा आहे, आणि ठेव सांभाळणाऱ्याने ती आपल्या मर्जीने फेकायची नसते, हे आपले सांगणे आहे.

पण पाहा, माणूस आपल्या मतापेक्षा मोठा असतो. एपिक्टेटस जे बोलला त्याहून जे वागला ते मला अधिक पटते. त्याची तरुण मुले देवाकडे जाण्याच्या घाईने देहाचा कंटाळा करू लागली, तेव्हा तो त्यांना म्हणे की थांबा, देव खूण करील तेव्हा सुटाल. तोवर ज्या जागी त्याने नेमले आहे ती जागा सोडू नका. आणि त्याचा एक स्नेही, काहीएक कारण नसता, अन्न सोडून मरायला बसला. एपिक्टेटसला हे कळले तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. तो लंगडत त्याच्या घरी गेला. काय झाले म्हणून विचारले. स्नेही म्हणाला, मी ठरवले आहे. कशासाठी ठरवलेस? जर योग्य ठरवले असशील तर हे बघ आम्ही तुझ्याशेजारी बसतो, मदत करतो. पण अविचाराने ठरवले असशील तर बदल. ठरवले ते पाळलेच पाहिजे, असे त्या माणसाने म्हटले. एपिक्टेटसने उत्तर दिले की सगळेच ठरवलेले पाळायचे नसते, बरोबर ठरवलेले पाळायचे. पाया कच्चा असेल तर भिंत किती उंच बांधलीस याला काय अर्थ? फार वाद झाला. मोठ्या कष्टाने तो माणूस उठला आणि जेवला. ही हकीकत त्याने स्वतःच वर्गात सांगितली, आणि अशा हट्टी माणसाला हलवणे किती अवघड असते तेही सांगितले.

त्याने उपदेशाचे पत्र धाडले नाही, शिष्याला पाठवले नाही. तिसऱ्या दिवशी का होईना, स्वतः गेला, दारात उभा राहिला आणि आधी विचारले. माझ्या कीर्तनात मी अलीकडे ही कथा आवर्जून लावतो. गावात कोणी चार दिवस पारावर दिसला नाही, भजनाला आला नाही, बोलेनासा झाला, तर त्याच्या घरी जा, असे सांगतो. माळकऱ्यांनी तर जायलाच हवे. सोसायटीचे कर्ज आपल्याला फेडता येणार नाही. त्याच्यापाशी बसणे येते, आणि तालुक्याला डॉक्टरकडे बरोबर जाणेही येते.

या माणसाच्या कोरडेपणाविषयी माझी एक तक्रार आहे. पोराचा मुका घेताना तो मर्त्य आहे हे मनाशी म्हण, असे तो सांगतो. बुद्धीला हे पटते, पण गोरोबाकाकांच्या घरचे मूल चिखलात तुडवले गेले ती कथा ऐकताना आपण जे रडतो, त्या रडण्याला याच्याजवळ जागा नाही. आपल्याकडे देवही रडतो. असो. तरी तो अगदीच कोरडा होता असेही नाही. एका ठिकाणी तो म्हणतो, की आपण शहाणे असतो तर नांगरताना, खणताना, जेवताना देवाचे गुण गाण्यावाचून दुसरे काय केले असते? मी जर कोकिळ जातीचा पक्षी असतो तर पक्ष्यासारखा गायलो असतो. माणूस आहे, बुद्धी आहे, म्हणून देवाचे गुण गातो. माझ्यासारखा लंगडा म्हातारा दुसरे काय करणार? आणि तुम्हीही माझ्याबरोबर गा, अशी तो हाक देतो. सावता माळ्याचा मळा ठाऊक असणाऱ्याने हे वाचले की निकोपोलिस अरणच्या शिवेला येऊन टेकते. माझ्या दृष्टीने त्याच्या सर्व बोलण्यात हे शिखर आहे.

त्याच्या वचनांचा प्रवास मोठा आहे. रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस (राज्यकाळ इ.स. १६१ ते १८०) याला त्याच्या गुरूने आपल्या घरची एपिक्टेटसची प्रत दिली, ते उपकार बादशहाने आपल्या वहीच्या आरंभीच नोंदवले आहेत. गुलामाचे बोलणे बादशहाच्या उशाशी गेले. १७५८ मध्ये एलिझाबेथ कार्टर या विदुषीने ते इंग्रजीत आणले. ९ सप्टेंबर १९६५ रोजी जेम्स स्टॉकडेल हा अमेरिकन वैमानिक व्हिएतनाममध्ये पाडला गेला; पाय मोडला, सात वर्षांहून अधिक काळ कैदेत गेला, त्यात कित्येक वर्षे एकांतवास. ही लहान पोथी त्याच्या डोक्यात होती आणि तिने तगवले, असे तो १९७३ मध्ये सुटल्यावर सांगत असे. तो त्या देशावर बाँब टाकायला गेला होता, हेही आपण विसरू नये. पण कोठडीत कोणालाही आधार लागतोच. अल्बर्ट एलिस या मानसवैद्याने १९५५ पासून जी उपचारपद्धती चालविली, तिच्या मुळाशीही वस्तू आणि समज यांचा हाच भेद आहे, आणि त्याने ते ऋण मोकळेपणाने मान्य केले.

स्वतः एपिक्टेटसच्या घरी काय होते? एक गादी, एक चटई, आणि घराला कुलूप नव्हते, असे सांगतात. देवापुढे एक लोखंडी समई होती. एका रात्री खिडकीशी आवाज झाला, धावून पाहतो तो समई गेलेली. तो म्हणाला की असते तेच जाते. उद्या मातीची आणू. आणि चोराविषयी म्हणाला, की समईच्या मोबदल्यात त्याने स्वतःला चोर करून घेतले, सौदा त्याला महाग पडला. फार उतारवयापर्यंत तो एकटाच राहिला. मग एका स्नेह्याचे मूल, गरिबीपायी उघड्यावर टाकून देण्याची पाळी आलेले, त्याने आपल्या घरी घेतले आणि त्याला सांभाळण्यासाठी एका बाईला घरात आणले. मूल मर्त्य आहे हे मनाशी म्हणायला सांगणारा म्हातारा त्या मुलाला मांडीवर घेऊन बसला असेल.

इ.स. १३५ च्या सुमारास त्याचा अंत झाला. मागे राहिला तो मातीचा दिवा. पुढे कोणा एका हौशी माणसाने तो तीन हजार द्राख्मांना विकत घेतला, रात्री त्याच्या उजेडात वाचले म्हणजे त्या म्हाताऱ्याचे शहाणपण आपोआप अंगी येईल या आशेने. आणि लूशियन नावाच्या विनोदी लेखकाने त्याची यथेच्छ टिंगल केली.